मोहिते सरांचा कार्बन

मोहिते सर गेले, त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या श्रद्धांजली सभेला साधं पुष्पचक्र न्यायचं नाही, असं हर्षदने परस्पर ठरवून टाकलं. राजाराम मोहिते सरांनी मुलुंडच्या शाळेत उभा जन्म विज्ञान शिकवलं होतं. "सरांना अणू द्यायचा. कार्बनचा," त्याने तेजलला फोनवर सांगितलं. दोघं सरांच्या एकाच वर्गातली. तो आता विमा विकायचा, तिचं औषधांचं दुकान होतं.

फुलवाल्याने काम झकास केलं. मधोमध केंद्रक. त्यात सहा लाल गुलाब म्हणजे प्रोटॉन, सहा पांढऱ्या शेवंती म्हणजे न्यूट्रॉन. भोवती तारेची दोन कडी. आतल्या कड्यावर दोन झेंडू, बाहेरच्यावर चार. ते इलेक्ट्रॉन.

हॉलच्या वाटेवर दोघांची रिक्षा खड्ड्यात आदळली, बाहेरच्या कड्यावरचा एक झेंडू उडाला आणि मागून येणाऱ्या टेम्पोखाली गेला.

"वाट लागली," हर्षद म्हणाला.

"इलेक्ट्रॉन पाच, प्रोटॉन सहा. म्हणजे धनप्रभार आला ना रे! असला अणू सरांच्या फोटोपुढे ठेवायचा?"

"कोण मोजतंय?"

"अर्धा हॉल सरांचेच विद्यार्थी असणार, हर्षद."

हर्षदने केंद्रकातला एक गुलाब उपटला. "घे. पाचाला पाच."

तेजलने कपाळावर हात मारला. "अरे, प्रोटॉन काढलास की मूलद्रव्यच बदलतं! बोरॉन झाला हा."

"मग परत लावतो." पण त्याच्या हातात आता नुसता देठ होता. पाकळ्या रिक्षाभर झाल्या होत्या.

शेवटी बोरॉनच सरांच्या फोटोपुढे तिकाटण्यावर उभा राहिला. पुढच्या खुर्चीत सरांच्या पत्नी मालनकाकू भिंतीकडे बघत बसल्या होत्या. "बाबा गेल्यापासून आई रडली नाहीये. बोलतही नाही," त्यांची मुलगी संघमित्रा हळूच म्हणाली. हर्षदला तोंड कुठे लपवावं कळेना.

त्रिशरण-पंचशील झालं आणि लोक रांगेने फुलं वाहायला पुढे आले. समोर पुष्पचक्र दिसल्यावर पहिल्या गृहस्थांनी आपला गुलाब बरोबर केंद्रकात खोचला.

"कार्बन झाला परत," हर्षद कुजबुजला. त्याला जरा बरं वाटलं.

दुसऱ्यानेही गुलाबच खोचला. "नायट्रोजन," तेजल पुटपुटली. मग तिसरा. "ऑक्सिजन. थांबव ना कोणाला तरी!"

"काय सांगू? फूल वाहू नका?"

त्यानंतर शाळेतल्या निवृत्त बाई आल्या आणि त्यांनी ओंजळभर शेवंती वाहिली.

"एवढे न्यूट्रॉन! हा टिकायचा नाही," तेजल म्हणाली. ती अणूबद्दल बोलत होती, पण तिकाटणं खरोखरच कललं. हर्षद सावरायला धावला, त्याचं कोपर कड्यात अडकलं आणि सगळा अणू घेऊन तो सरांच्या फोटोपुढे आडवा झाला. गुलाब, शेवंती हॉलभर पसरले. झेंडू घरंगळत पार मागच्या खुर्च्यांखाली गेले.

कोणी हसलं असतं तर परवडलं असतं. कोणीच हसलं नाही. हर्षद गुडघ्यांवर रांगत फुलं गोळा करू लागला.

"सॉरी काकू. सरांचा अणू होता. पार माती केली मी."

"राहू दे रे." मालनकाकूंचा आवाज ऐकून संघमित्राने चमकून मान वर केली. "ती कडी कोणी लावली?"

"फुलवाल्याने. आम्हीच सांगितलं होतं."

"हे असते तर चिडले असते. पोरांना समजावं म्हणून कडी काढतो, म्हणायचे, पण इलेक्ट्रॉन असा रिंगणात फिरत नाही. जेवताना तेच. मी म्हणायचे, मग असतो तरी कुठे? तर म्हणे, बोट ठेवून नाही सांगता येत. असतो आसपास." खुर्च्यांखाली विखुरलेल्या झेंडूंकडे त्या कितीतरी वेळ बघत राहिल्या. "आता बरोबर झालं."

आणि त्यांनी पदर डोळ्यांना लावला. संघमित्रा त्यांना बिलगली.

हर्षदच्या हातात एक झेंडू होता. त्याचं काय करावं ते त्याला सुचेना. मग त्याने तो सापडला तिथेच, खुर्चीखाली, हलकेच परत ठेवून दिला.