उतरलेली तोंडं

माझं नाक गांगुर्डे सरांच्या एका सुरईला आहे. आमच्या कॉलनीतल्या बहुतेकांचा काही ना काही अवयव त्यांनी मातीत उचललाय, आणि परवानगी एकाचीही घेतलेली नाही. चित्रकलेचे मास्तर म्हणून रिटायर झाल्यापासून हेच चाललंय. भाजीच्या गाडीपाशी उभ्या माणसाची हनुवटी धरतात आणि म्हणतात, "हलू नका, हाड चांगलं हाय."

त्याहून वाईट म्हणजे ही तोंडं भाजायलाही आम्हीच लागतो. सायखेडा रस्त्याला सरांच्या दोन गुंठ्यांत विटांनी बांधलेली भट्टी आहे. ती लाकडावर चालते, त्यामुळे सकाळपासून कोणीतरी सतत लाकूड सारत राहावं लागतं. मी आठवडाभर ऑफिसात वाकतो, आणि महिन्यातला एक रविवार भट्टीपुढे. "गॅसवर भाजा की सर," म्हटलं तर म्हणतात, "गॅसला एक बोट पुरतं. लाकडाला माणसं लागतात."

इतकं करून निघतं काय? गालफडं उतरलेली, मान कलंडलेली, डोळे मिटत आलेले पुतळे. द्वारकेच्या चौकातल्या ट्रॅफिकमध्ये तासभर अडकलेल्या माणसांसारखे. बघणारे म्हणतात, काय भाव आणलाय! मला आरशात बघितल्यासारखं वाटतं.

परवाच्या रविवारी भट्टीत काकूंचा चेहरा होता. काकू म्हणजे सरांच्या पत्नी; त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. तो चेहरा सर चार महिने घडवत होते. नेमके बाकीचे आले नाहीत, मी एकटाच सापडलो.

भाजलं की नाही हे बघायला सर आतली एक मातीची कडी सळईनं बाहेर ओढतात. तिच्यावरची राख वितळून काचेसारखी चमकली, की आग थांबवायची. चारला त्यांनी कडी काढली, पाठ वळवून बघितली. "कच्ची हाय अजून. टाका लाकूड." पाचलाही तेच. मी वैतागून पाणी प्यायला उठलो, तर माठामागे पत्र्याच्या डब्यात दोन्ही कड्या. चारचीसुद्धा लखलखत होती.

"सर, ही तर कधीच झालीय! जास्त आचेनं माती मऊ होऊन चेहरे उतरतात, हे तुम्हीच सांगता ना?"

सरांनी ढिगातलं एक लाकूड उचललं.

"झाली म्हटलं, का तुम्ही गाडीला किक मारता," ते म्हणाले. "मंग घरी मी कुणाशी बोलू?"

मला फार वाईट वाटलं. त्यांचा राग आला होता, त्याचं काय करावं ते कळेना.

"आत काकू आहेत, सर."

"म्हाईत हाय." हातातलं लाकूड तसंच होतं.

मी ते काढून घेतलं. भट्टीचं तोंड विटांनी बंद केलं, दोघांनी मिळून चिखलानं लिंपलं. घरी फोन करून उशीर होईल म्हणून सांगितलं, आणि सरांच्या शेजारी बाजेवर जाऊन बसलो.

"काम तर संपलं," सर म्हणाले. "जा आता."

"हो, संपलं," मी म्हणालो. "बोला."