हुबेहूब गडगड्या

शहराच्या मनोरंजन उद्यानातले पाळणे, चक्रं आणि घसरगाड्या तपासण्यासाठी एक सरकारी तपासनीस नेमलेला होता, आणि तो ही तपासणी दरवर्षी न चुकता आपल्या टेबलावर बसून करत असे. उद्यानातला सगळ्यात जुना प्रकार म्हणजे लाकडी रोलर कोस्टर. लोक त्याला गडगड्या म्हणत. तपासनीस त्याच्या नावापुढे 'संरचना समाधानकारक' असं लिहून खाली सही ठोकत असे. सहीत त्याने कधी हयगय केली नाही.

घरी मात्र हा माणूस निराळाच होता. संगणकावर उद्यान उभारायच्या एका खेळाचा त्याला नाद लागला होता, आणि त्या खेळात तो हाच गडगड्या उभारत होता, फळीन् फळी, खिळान् खिळा. "घरातला नळ गळतोय तो बघायला ह्यांना वेळ नाही," बायको आल्यागेल्याला सांगायची, "आणि तिथं नसलेल्या लाकडाला रंधा मारतायत!"

खरे लाकडी कोस्टर खेळात उतरवणाऱ्या हौशी लोकांचं एक मंडळ होतं. सरकारी कामात चालणारी ढिलाई त्या मंडळात चालत नसे. अध्यक्षीणबाईंनी तपासनिसाचा गडगड्या सरळ फेटाळला आणि कुणा पर्यटकाने काढलेला फोटो पुढे केला. "तिसऱ्या उतारावरचा खांब खऱ्यात कललेला आहे. तुमचा ताठ उभा आहे. याला निष्काळजीपणा म्हणतात."

हा शब्द त्याला नोकरीत कधी झोंबला नव्हता, तो आता झोंबला. दुसऱ्याच दिवशी रजा टाकून तो उद्यानात गेला आणि जन्मात पहिल्यांदा गडगड्यावर चढला. खांब खरंच कललेला होता. दाबून पाहिला तर बोट आत गेलं.

त्याने ते कुजणं इमानदारीने खेळात उतरवलं. मंडळाने पाठ थोपटली. पण खेळातली माणसं भलतीच शहाणी निघाली. खांब करकरला तशी ती रांग मोडून तरातरा घरी गेली, आणि खेळाने गडगड्याला आपणहून कुलूप लावलं. येत्या रविवारी तपासनिसाच्या लेकीचा वाढदिवस होता. गडगड्यात बसायला लागणाऱ्या उंचीच्या खुणेला डोकं कधी लागतंय म्हणून ती कधीपासून टाचा उंचावत होती, आणि आता ते लागलं होतं.

लॅपटॉप काखोटीला मारून त्याने साहेबांना गाठलं.

"साहेब, गडगड्या बंद ठेवावा लागेल."

साहेबांनी चष्मा लावून पडद्यात पाहिलं. "हा आपलाच?"

"हुबेहूब."

"मग ह्यात खांब बदलायला काय लागतं?"

"ह्यात? एक बटण दाबायचं."

"दाबा की मग."

त्याने दाबलं. खांब नवाकोरा झाला. पळालेली माणसं हसत परत आली.

"बघा, किती सोपं होतं," साहेब म्हणाले.

"पण साहेब, खरा खांब..."

"हुबेहूब तुम्हीच म्हणालात ना? मग एक दुरुस्त आणि दुसरा मोडका कसा असेल? आणि इतकी वर्षं तो समाधानकारक होता, तो कुणाच्या सहीने?"

त्याने मान खाली घालून आणखी एक सही केली.

दोन दिवसांत कार्यालयाचं नाव झालं. शिड्या भंगारात निघाल्या, तपासनिसांना लॅपटॉप मिळाले. लगोलग पूल, शाळा आणि रुग्णालयंही खेळात बांधून तपासायचा फतवा निघाला. गळकी शाळा जेवणाच्या सुट्टीआधी दुरुस्त होऊ लागली. पोरं छत्री उघडून वर्गात बसत, पण तक्रारीला जागा उरली नव्हती.

रविवारी गडगड्यापुढे ही भली मोठी रांग होती. लेक नव्या बुटांत उड्या मारत होती. वर गाडी तिसऱ्या उतारावर आली आणि खांब करकरला, थेट खेळातल्यासारखा. तपासनिसाने लेकीचा दंड धरून तिला रांगेबाहेर ओढलं.

"बाबा, आता आपलाच नंबर आहे!" तिने भोकाड पसरलं.

"काय हो, काय झालं?" मागच्या आजोबांनी विचारलं. त्यांच्याबरोबर नातू होता.

"खांब कुजलाय."

"पण पाटीवर तर तपासलंय म्हणून लिहिलंय."

"ती सही माझीच आहे," तपासनीस म्हणाला. बोलताना त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आजोबांनी खांबाकडे पाहिलं, पाटीकडे पाहिलं, मग हातातल्या तिकिटाकडे पाहिलं.

"म्हणजे तुम्ही आता रांगेत नाही ना?" त्यांनी खात्री करून घेतली आणि नातवाला पुढे सरकवलं. मागची सगळी रांग एक पाऊल पुढे आली.

घरी येऊन तपासनिसाने मंडळाला कळवलं, की आपला गडगड्या अजून हुबेहूब झालेला नाही, त्यातली माणसं चुकली आहेत. अध्यक्षीणबाईंनी नेहमीप्रमाणे पुरावा मागितला. त्याने रांगेचा फोटो पाठवून दिला. फोटो चांगला स्वच्छ आला आहे. अगदी मधोमध, तिकीट उंच धरून पुढच्याला "सरका की जरा" म्हणताय, ते तुम्हीच.