बांधलेली हवा

आमच्याकडे कुकरची शिटी झाली की मयेकर गडग्यावरून टांग टाकून येत. साठीला टेकलेला माणूस, अंगात बनियन, कमरेला लुंगी, हातात पाना. मागच्या दाराने थेट स्वयंपाकघरात शिरत, कुकरकडे कान करून उभे राहत आणि माझ्या बायकोला विचारत, "वहिनी, वरचं भोक साफ आहे ना?"

आम्ही तेव्हा रत्नागिरीत नवे होतो. मी हायस्कुलात मास्तर म्हणून लागलो होतो आणि शेजारी कोण राहतं हेही धड ठाऊक नव्हतं. पहिल्या दिवशी बायको पळी उगारून उभी राहिली. महिन्याभरात मात्र ती कुकर चढवतानाच गडग्याकडे तोंड करून सांगू लागली, की भोक साफ आहे, रबर नवं आहे, तुम्ही जेवून घ्या. तरी ते येतच.

मयेकरांचा जन्म बोटीवर इंजीनखात्यात गेला होता. नोकरी संपल्यावर घरी आले ते मुंबईच्या जुन्या बाजारातून एक कॉम्प्रेसर घेऊन. पडवीत तो बसवला आणि लोकांची लोखंडी कपाटं, खुर्च्या, सायकली फवाऱ्याने रंगवून द्यायला लागले. रंग झकास देत. पण कपाट न्यायला आलेल्या माणसाला आधी दहा मिनिटं त्या मशीनसमोर उभं राहावं लागे. "वाघ बांधला तर साखळी दिसते," ते सांगत. "हवा बांधली तर काय दिसतं? काटा. म्हणून आधी काटा बघायचा, मग हात लावायचा." दाब दाखवणाऱ्या त्या घड्याळाची काच ते रोज धोतराच्या फडक्याने पुसत. आमच्या घरात इतक्या निगुतीने फक्त देवांची भांडी पुसली जात.

सकाळी मशीन चालू केलं, की जादा हवा सोडणाऱ्या झडपेची कडी ओढून ती फुसकारते का बघायचं. पट्ट्यावरची जाळी हलवून बघायची. संध्याकाळी वीज बंद करून, काटा खाली आणून, टाकीच्या बुडाची तोटी उघडायची आणि साठलेलं पाणी काढायचं. आपल्याकडची दमट, खारी हवा, पावसाळ्यात वाटीभर तरी निघे. मयेकर ती वाटी उजेडात धरून बघत. पाणी पांढरं असलं तर तुळशीपलीकडे ओतून देत. तांबूस असलं, म्हणजे आत गंज, तर त्या दिवशी माणूस कामातून गेला. चहा घेतील तो उभ्याने, अर्धा. बोलता बोलता उठून पुन्हा टाकीवर बोटांनी टकटक करून येतील.

मशीन चालू असताना त्यांच्या बायकोला, म्हणजे मयेकरकाकूंना, पडवीकडे फिरकायला बंदी होती. त्या विळी आणि भाजी घेऊन आमच्याकडे येऊन बसत. "बोट होती तेव्हा हे घरात नसायचे," त्या म्हणत. "आता मी नसते." रागावून नव्हे, हवापाणी सांगावं तसं सांगत.

गावातला एकही पंक्चरवाला मयेकरांना आनंदाने दुकानात घेत नसे. एकाने आपल्या कॉम्प्रेसरची झडप सारखी फुसकारते म्हणून तिथे बोल्ट ठोकून भोक बुजवलं होतं. मयेकर तीन दिवस त्याच्या दारात जाऊन उभे राहिले. शेवटी त्याने कंटाळून नवी झडप बसवली. तेव्हा त्याला शाबासकी द्यायची सोडून मयेकरांनी ती दोनदा ओढून बघितली.

आमच्या तिथल्या चौथ्या पावसाळ्यात त्यांच्या स्वतःच्या टाकीचं पाणी रोज तांबडं यायला लागलं. वर रंग चकचकीत, पण आतून काय चाललंय ते दिसेना. मयेकरांनी मशीन थांबवलं. टाकी सुटी करून गळ्यापर्यंत पाण्याने भरली, आत हवेचा बुडबुडासुद्धा राहू दिला नाही, आणि कुणाकडून तरी आणलेल्या हातपंपाने पाण्याचाच दाब चढवायला बसले. मी विचारलं, पाणी कशाला? ते म्हणाले, "टाकी फुटली तर पाणी पायावर सांडतं मास्तर. हवा असली तर घर सांडतं."

काटा चढत गेला. मग बुडाच्या सांध्याखाली एक थेंब जमला, लांबला, पडला. पाठोपाठ दुसरा. मयेकरांनी पंप सोडला आणि जमिनीवरच्या त्या ओल्या ठिपक्याकडे बघत बसले.

भंगारवाला दोन दिवसांनी आला. टाकी आहे तशी द्या, म्हणाला; ठिगळ मारलं की एखाद्या गॅरेजात अजून पाच वर्षं चालेल. मयेकरांनी त्याला ओट्यावर बसवून चहा दिला, आत गेले, ड्रिल घेऊन आले आणि त्या रिकाम्या टाकीला चहूबाजूंनी भोकं पाडली. चाळणी करूनच दिली. भंगारवाला वैतागून गेला. हातगाडी वळणाआड जाईपर्यंत मयेकर रस्त्यात उभे होते.

त्यानंतरचे दिवस काकूंनी कसे काढले त्या जाणोत. घरात आवाज नाही, हाताला काम नाही. मयेकर अंगणात येरझारा घालत, बंद पंखा उघडून परत जोडत, दिवसातून चारदा आमचा कुकर बघून जात. दिवाळी झाल्यावर ते दरवर्षी एका दिवसासाठी बुरोंडीला जात. त्या वर्षी काकू माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "मास्तर, यांच्याबरोबर जा. जीव थाऱ्यावर नाही त्यांचा."

पहाटेची एसटी धरून, दापोलीला गाडी बदलून आम्ही बुरोंडीला उतरलो. एसटीत मयेकरांनी तीनदा जागा बदलली. खेडच्या पुढे मात्र ते आपणहून बोलले. बुरोंडीचा तुकाराम त्यांच्या हाताखाली इंजीनखात्यात होता. एकदा हवेच्या टाकीचं झाकण उघडायचं होतं. मयेकरांनी काटा न बघता त्याला उघड म्हणून सांगितलं. आत हवा होती. तुकाराम वाचला, पण दोन्ही कान गेले. पुढे तो गावी येऊन जाळी विणायला बसला.

घर खाडीलगत होतं. तुकाराम ओटीवर जाळ्याला गाठी मारत होता. आम्हाला बघून तो मोठ्याने हसला, आपला आवाज केवढा हे त्याला कळत नव्हतं. त्याची बायको पाणी ठेवून मासे आणायला बंदरावर गेली. मयेकर त्याच्यासमोर बसले. टाकी गेली ते खुणांनी सांगितलं. मग खुणा थांबवून, नजर खाली वळवून ते पुटपुटले, "तुका, काटा मी बघितला नाही. माझ्यामुळे झालं."

दरवर्षी ते हेच सांगायला येत असणार, हे मला तेव्हा समजलं. ज्याला ऐकू येत नाही अशा माणसाला.

तुकारामाने हातातली सुई खाली ठेवली.

"वठ हलताना दिसतात मला," तो म्हणाला. "दर साली तू तेच बोलतोस. काटा मी बघितला होता. हवा होती आत. पाळी संपत आलेली, मला घाई. उघडलं."

मयेकर पुढे सरकले. तोंड नीट त्याच्यासमोर धरून, एकेक शब्द सुटा करून त्यांनी विचारलं, "मग इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?"

तुकारामाने जाळं पुन्हा मांडीवर ओढलं.

"सांगितलं असतं," तो म्हणाला, "तर तू यायचा बंद झाला असतास."

आम्ही त्या दिवशी परत निघालो नाही.