सुपारीवर घोडं

पत्त्यांत आपल्याला हरवणारा माणूस नेरळपासून खालापूरपर्यंत अजून जन्माला यायचाय, अशी नागूची खात्री होती. त्या दिवसापर्यंत तो पत्ते एकदाही खेळला नव्हता, म्हणून ही खात्री अगदी कोरी करकरीत होती!

खेळला नसला तरी शिकला होता. नागूचा धंदा घोड्याचा. नेरळला साहेबाला घोड्यावर बसवायचं, माथेरानला उतरवायचं, आणि साहेब हॉटेलाच्या व्हरांड्यात पत्ते कुटायला बसला की पायरीशी लगाम धरून उभं राहायचं. असं दोन उन्हाळे उभं राहून घोड्याला झोप आली आणि नागूला अक्कल! पिवळ्या मिशांचा एक साहेब कायम शेवटी बोलायचा. आधी सगळ्यांचं ऐकून घ्यायचा, डोळे बारीक करायचा, आणि शेवटच्या फेरीत बोली अशी काही चढवायचा, की बाकीचे साहेब लिंबू चावल्यागत तोंड करून पत्ते टाकून द्यायचे. मिशीवाला सगळा ढीग ओढून घ्यायचा. त्याच्या हातात काय होतं हे कोणी विचारायचंसुद्धा नाही! एकदा नागूनं मान लांब करून पाहिलं. काहीच नव्हतं.

"सुंदरा, पत्ते खेळायला पत्ते लागतच नाय गं!" त्यानं बायकोला सांगितलं.

"मंग काय लागतं?"

"शेवटची जागा."

पहिल्या दिवाळसणाला सुंदराला घोड्यावर बसवून तो कडावला सासुरवाडीला गेला. पाडव्याला जेवणं झाली आणि सासऱ्याच्या, म्हणजे कोंडाजीच्या, ओसरीवर घोंगडी पडली. डाव तीन पत्त्यांचा, बोली सुपारीची. खेळायला कोंडाजी, त्याचा भाऊ आबाजी, शेजारचा भिवाजी आणि जावई.

नागू मुद्दाम भिंतीकडच्या टोकाला बसला.

"पयला बोल जावयाचा!" भिवाजी म्हणाला.

नागू उठून दुसऱ्या टोकाला बसला.

"बरं, हितनं सुरुवात करू," आबाजी म्हणाला. "पयला बोल जावयाचा!"

नागू मध्ये घुसला, तर डाव मधूनच सुरू व्हायला लागला. जावई बसेल तिथं सूर्य उगवत होता! अखेर त्यानं कानाच्या पाळ्या धरल्या.

"मामा, आमच्या कुळात पाडव्याला जावयानं शेवटीच बोलायचं. देव लई कडक हाय."

"कंचा देव?"

"पत्त्यांचा."

कोंडाजीनं भक्तिभावानं हात जोडले आणि पत्ते वाटले.

नागूला आलं काय, तर दुर्री, चव्वी आणि सत्ती! तीन रंगांची, एकमेकींची ओळख नसलेली. नागू हरखून गेला. मिशीवाल्याला असलेच पत्ते यायचे!

दोन फेऱ्या एकेका सुपारीनं गेल्या. कोणी पत्ते टाकले नाहीत. शेवटच्या फेरीत भिवाजीनं एक सुपारी लावली, आबाजीनं एक, कोंडाजीनं दोन. नागूनं सगळ्यांचं ऐकून घेतलं. डोळे बारीक केले, इतके की त्याला पुढचं दिसेना.

"दोन सुपाऱ्या," तो म्हणाला, "आन् वर माझं घोडं!"

ओसरीवर अडकित्ते थांबले. नागूनं ढिगाकडे हातसुद्धा लांब केला.

"टाका आता पत्ते. लाजू नका."

"टाका?" आबाजी विंचू चावल्यासारखा उडाला. "पाडव्याला हातातलं पत्तं टाकायचं, जावईबापू? लक्ष्मी हाय ती! टाकली का वरीसभर घरात यायची नाय!"

"म्हंजे... कोनीच टाकत नाय?"

"आमच्या आज्यापासनं कुनी टाकलं नाय. दुसऱ्यानं लावलं, का आपन तेवडंच लावायचं!"

भिवाजी उठला आणि घरून म्हैस घेऊन आला. आबाजीनं ढवळा बैल सोडला. कोंडाजीनं गोऱ्हा आणला, पण घोड्यापुढं तो बारीक दिसतो म्हणून वर दोन शेळ्या ठेवल्या. शिंगं रंगवलेली, माळा घातलेली सगळी गुरं अंगणात जमलेली पाहून सासूबाई, अंबाबाई, आरतीचं ताट घेऊन धावल्या आणि त्यांनी घोड्यालाही कुंकू लावलं. निम्मं कडाव कुंपणाशी गोळा झालं. एवढी गर्दी नागू-सुंदराच्या लग्नालाही नव्हती!

नागू मात्र हिशेब करायला लागला. घोडं गेलं तर हंगामाला साहेबांना काय स्वतःच्या खांद्यावर बसवून डोंगर चढायचा? त्यानं हळूच पत्ते शेळीच्या तोंडापुढं धरले. शेळीनं हुंगले आणि तोंड फिरवलं. असले पत्ते शेळीलाही नको होते!

पत्ते उघडले. भिवाजीकडे दोन दश्श्या, आबाजीकडे राजा, कोंडाजीकडे तीन छक्क्या! नागूचे पत्ते आबाजीनं उलटेसुलटे करून पाहिले.

"ह्ये काय हाय, जावईबापू?"

"येवडंच हाय."

भिवाजी-आबाजींनी हसत हसत दावी कोंडाजीच्या हातात दिली. ती म्हैस नि तो बैल दर पाडव्याला घर बदलत, त्यांना वाटा पाठ होत्या. घोड्याला मात्र ही वाट पाठ नव्हती. ते नागूकडे बघत राहिलं.

नागूचा चेहरा पाहून कोंडाजी कळवळला. "आसं तोंड पाडू नका. दिवाळसण हाय तुमचा. अंगठी म्हना, शेला म्हना, मागाल ते देतो!"

नागूनं घोड्याकडे पाहिलं.

"मामा... घोडं द्या."

"दिलं!" कोंडाजी गरजला, आणि कुंपणापलीकडून लोकांनी टाळ्या वाजवल्या. पहिल्याच सणाला घोडं! असला दिलदार सासरा साऱ्या तालुक्यात नाही!

दुसऱ्या दिवशी नेरळच्या नाक्यावर विठू घोडेवाला आडवा आला.

"काय रं नागू, नटवलंयस की घोड्याला!"

"माज्या बाबांनी दिलं!" सुंदरा वरून म्हणाली, आणि नवऱ्याकडे बघत राहिली.

"हां," नागू म्हणाला. "सासऱ्यानं दिलं."

विठू घोड्याभोवती एक फेरी मारून आला.

"आन् तुजं जुनं रं?"

नागूनं थोडा विचार केला.

"ते मी त्यांना दिलं."