तीन फूट दोन इंचांची रेघ

लेव्हलसाहेबांनी बुधवारी संध्याकाळी बांधकामावरची पाण्याची नळी घरी आणली, एवढंच झालं. बाकीचं सगळं आपोआप होत गेलं, असं ते अजूनही सांगतात. (त्यांच्या बायकोचं म्हणणं वेगळं आहे. ते पुढे येईलच.)

लेव्हलसाहेब हे त्यांना गवंड्यांनी ठेवलेलं नाव. ते बांधकामावर सुपरवायझर. भिंत केसभर जरी कलली तरी ते गवंड्यांना दुपारचा डबा सुखाने खाऊ देत नाहीत. कुणाकडे गेले तर बसायच्या आधी त्यांच्या भिंतीवरची फ्रेम सरळ करतात आणि मग पाणी मागतात. मागच्या वर्षी शाळेच्या नाटकात त्यांची नऊ वर्षांची लेक टिल्ली झाड झाली होती. घरी येताना तिने विचारलं, "बाबा, मी कशी झाले?" तर हे म्हणाले, "मागचा पडदा डावीकडे दोन इंच उतरला होता." झाड कुठे उभं होतं तेसुद्धा त्यांना सांगता येईना. त्या रात्री टिल्ली जेवायलाही त्यांच्याशेजारी बसली नाही.

यंदा टिल्ली राणी होती. तिच्या आईचा शिवणाचा धंदा, त्यामुळे मुकुट घरीच झाला. पुठ्ठ्याचा, पण जरीची किनार लावलेला. टिल्लीने बाबांकडून वचन घेतलं होतं, "मलाच बघायचं. पडदा नाही, दिवे नाहीत, खुर्च्यांची रांग नाही. मला."

"तुलाच," साहेब म्हणाले होते.

आणि नाटक शनिवारवर आलं असताना मंगळवारी सकाळी टिल्ली उठली ती मान उजव्या खांद्यावर टाकूनच.

"बाबा, मान दुखतेय. सरळच होत नाही."

साहेबांनी एक डोळा मिटून पाहिलं. "पंधरा अंश," ते म्हणाले.

"किती ते नाही विचारलं तिने," बायको मशीनवरून म्हणाली.

शाळेत तालमीला मुकुट तीनदा पडला. नाटकाच्या बाई वाईट नव्हत्या, पण त्यांना नाटक करायचं होतं. त्या म्हणाल्या, "शुक्रवारच्या तालमीपर्यंत बघू. नाही झाली मान सरळ, तर यंदा दासी हो. दासीची मान वाकडी असली तरी चालते." राणीचे सगळे संवाद पाठ असलेली दुसरी मुलगी शेजारीच उभी होती आणि फार काळजीने टिल्लीची मान न्याहाळत होती. टिल्ली घरी आली आणि उशीत तोंड खुपसून रडली. साहेबांनी दारातून ते पाहिलं. आपण काहीतरी केलंच पाहिजे असं त्यांना वाटलं, आणि त्यांना तसं वाटलं की घरातले बाकीचे सगळे जरा सावध होतात.

त्याच संध्याकाळी मुलांच्या डॉक्टरबाईंनी टिल्लीला तपासलं. पडली होतीस का, ताप आहे का, हाताला मुंग्या येतात का, सगळं विचारलं.

"स्नायू आखडलाय, बाकी काही नाही. दिवसातून दोनतीनदा कोमट टॉवेलने शेका. उशी पातळ. दप्तर दोन्ही खांद्यांवर. मान दुखणार नाही इतपत हळूहळू हलवू दे. चोळायचं नाही, हिसका तर मुळीच द्यायचा नाही. तीनचार दिवसांत उतरेल, नाही उतरलं तर परत आणा. मोबाईल बघते का?"

"मोबाईलला ती हातसुद्धा लावत नाही," साहेब अभिमानाने म्हणाले. (हे खरंच होतं. संध्याकाळी साहेब कोचाच्या कोपऱ्यात बसून जुन्या इमारती पाडतानाचे व्हिडिओ तासतासभर बघत, तेव्हा टिल्ली त्यांच्या डाव्या बगलेत डोकं खुपसून बघायची. पण हात तिने कधी लावला नाही.)

"छान. आणि वाचायचं, बघायचं ते जमेल तेवढं डोळ्यांच्या रेषेत असू दे."

बाकीचं सगळं साहेबांच्या एका कानातून शिरून दुसऱ्यातून गेलं. रेष हा शब्द मात्र आत जाऊन बसला. टॉवेल, उशी ही कामं बायकोने आणि टिल्लीच्या आजोबांनी वाटून घेतली. साहेबांनी रेष घेतली.

तर बुधवारी नळी आली. लांबलचक पारदर्शक नळी, तिच्यात पाणी भरायचं. दोन टोकं दोन भिंतींना लावली की दोन्हीकडे पाणी एकाच उंचीवर थांबतं. साहेबांनी टिल्लीला अभ्यासाच्या खुर्चीवर बसवलं, टेप लावली आणि डोळ्याची उंची जमिनीपासून तीन फूट दोन इंच भरली. मग नळीने ती उंची घरभर फिरवली, दोरीला नीळ फासली, ताणून सोडली, आणि दिवाणखाना, स्वयंपाकघर, झोपायची खोली, बाथरूम, सगळीकडे तीन फूट दोन इंचांवर एक सरळ निळी रेघ उमटली.

"अहो, हे काय?" बायकोने विचारलं.

"आता घरात पोरीला मान वर करावी लागणार नाही की खाली. सगळं रेषेत येणार."

"तिची मान दुखतेय, भिंतींची नाही."

"तुला नाही कळायचं. हे टेक्निकल आहे."

बायको रोज चार बायकांची मापं घेते. ती म्हणाली, "माप एकाचं घेतलं तर कपडा एकालाच येतो." पण तोवर साहेबांनी ड्रिल मशीन चालू केलं होतं.

रात्रीपर्यंत टीव्ही, घड्याळ, कॅलेंडर, आरसे, किल्ल्यांचा हुक, सगळं रेघेवर उतरलं. आजोबा हे साहेबांचे वडील, चौतीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेले. त्यांनी जिथे आयुष्यभर घड्याळ पाहिलं तिथे पाहिलं. चार भोकं दिसली.

"अरे, किती वाजले?"

"बाबा, खाली बघा. कपाटाच्या बाजूला."

आजोबा गुडघे धरून वाकले, वेळ बघितली, आणि उठेपर्यंत ती बदलली.

मग एक अडचण निघाली. टिल्ली बसलेली असताना रेघ बरोबर डोळ्यांसमोर यायची; उभी राहिली की सगळं छातीशी. दुसऱ्या कुणी हार मानली असती. साहेबांनी विचार केला आणि टिल्लीचं उभं राहणं बंद केलं. कपाटामागे पडलेली चाकांची खुर्ची काढली, तिची उंची जुळवली आणि फर्मान काढलं, "घरात हिने यावरूनच फिरायचं."

टिल्लीला कोण आनंद झाला. आजोबांचा तर आपोआप ड्रायव्हर झाला. गुरुवारी संध्याकाळभर ते तिला दिवाणखान्यातून स्वयंपाकघरात आणि तिथून परत नेत होते. वळणावर तोंडाने हॉर्न देत होते आणि स्वयंपाकघराच्या दारात दोन मिनिटांचा थांबा घेत होते. थांब्यावर बायको टिल्लीच्या मानेवर कोमट टॉवेल ठेवायची. "जरा डावीकडे वळव. हं. आता उजवीकडे. दुखलं की थांब." या थांब्यांची साहेबांना कल्पना नव्हती. ते फ्रिज रेघेत कसा आणावा या विचारात होते.

बाकी घराची मात्र रया गेली. बायको केस विंचरायला आरशासमोर उकिडवी बसायची. ब्लाउज न्यायला आलेल्या एका बाईंनी आरशात फक्त आपलं पोट पाहिलं, ब्लाउज चांगला झालाय असं अंदाजाने म्हणाल्या आणि गेल्या. आजोबा टीव्ही बघताना हनुवटी छातीला टेकवून बसायचे, ते तसेच झोपायचे आणि मान चोळत उठायचे.

"अरे, माझीही मान धरली," आजोबा म्हणाले.

"तुम्ही रेषेत बसत नाही," साहेब म्हणाले.

शुक्रवारी दुपारी टिल्ली शाळेतून आली ती मुकुट घालूनच. मान सरळ, ताठ. बाई म्हणाल्या होत्या, राणी तूच. दुसरी मुलगी दासी झाली होती. टिल्ली आईला बिलगली, आजोबांना बिलगली, मग बाबांना. साहेबांनी तिला उचलून घेतलं. त्यांचे डोळे भरून आले होते, पण ते बोलले ते वेगळंच.

"रेघेचा गुण," ते बायकोला म्हणाले. "आता तरी मान्य कर."

बायकोने हातातला ओला टॉवेल पिळला आणि दोरीवर वाळत घातला.

शनिवारी नाटक पाचला. चारला साहेब दाढी करायला बाथरूममध्ये शिरले. आरसा रेघेवर, म्हणजे जेमतेम त्यांच्या कमरेशी. गुरुवारी आणि शुक्रवारी त्यांनी दाढी टाळली होती (हे त्यांनी घरात कुणाला सांगितलं नव्हतं). आज लेक राणी होती, टाळून चालणार नव्हतं. ते वाकले, गाल आरशात आणण्यासाठी मान डावीकडे पिरगाळली, उजवा गाल निम्मा झाला, आणि मानेत कट्‌ झालं.

"अगं," आतून आवाज आला. "जरा ये."

बायको आली. साहेब कमरेत सरळ झाले होते. तोंड मात्र डाव्या खांद्याकडे होतं आणि परत येत नव्हतं.

"इकडे बघा," ती म्हणाली.

"बघतोय," साहेब म्हणाले. ते नळाकडे बघत होते.

निम्म्या दाढीने, मानेभोवती कोमट टॉवेल गुंडाळून त्यांना शाळेत नेण्यात आलं. सभागृहात तिसऱ्या रांगेत जागा मिळाली. साहेब सरळ बसले तर त्यांना भिंत दिसायची, आणि समोर राणी येणार होती. शेवटी ते खुर्चीत अख्खे उजवीकडे वळून बसले, तेव्हा कुठे डावीकडे वळलेलं तोंड रंगमंचाकडे आलं. गुडघे शेजारच्या अनोळखी गृहस्थांच्या मांडीला टेकले.

"काही बोलायचंय का?" त्या गृहस्थांनी विचारलं.

"नाही. मी नाटक बघतोय."

गृहस्थांनी आपली खुर्ची थोडी सरकवली.

पडदा उघडला. टिल्ली आली. मुकुट जागचा हलला नाही. तिने पहिलं वाक्य म्हणायच्या आधी तिसऱ्या रांगेत पाहिलं. सगळे आईबाप समोर तोंड करून बसले होते आणि एकटे तिचे बाबा शेजाऱ्याकडे छाती करून बसले होते. तिचा चेहरा पडला. मग तिला दिसलं, की छाती कुठेही असो, बाबा टक लावून तिच्याकडेच बघतायत. ती हसली आणि राणीसारखी बोलायला लागली. पुढची पंचवीस मिनिटं साहेबांनी दुसरीकडे पाहिलं नाही. त्यांना पाहताही येत नव्हतं, पण आलं असतं तरी त्यांनी पाहिलं नसतं.

परत येताना बायको म्हणाली, "पडदा केवढा वाकडा होता हो. चांगला वीतभर."

"कुठला पडदा?" साहेब म्हणाले.

टिल्लीने चालता चालता त्यांचा हात धरला.

सोमवारी सगळे डॉक्टरबाईंकडे गेले. टिल्लीला दाखवायला, असं ठरलं होतं. डॉक्टरबाईंनी तिची मान सगळीकडे वळवून पाहिली. "एकदम छान. कशाने बरं वाटलं ग?"

साहेबांनी खिशातून घरभरच्या रेघेचा, स्वतः काढलेला नकाशा काढला.

"आईच्या टॉवेलने," टिल्ली म्हणाली. "आणि बाबा भिंतींच्या मागे लागले ना, म्हणून मोबाईल घेऊन बसलेच नाहीत. एरवी मी रोज संध्याकाळी त्यांच्या काखेतून मान वाकडी करून बघते. तेव्हाच दुखते."

डॉक्टरबाईंनी साहेबांकडे पाहिलं. साहेब खिडकीकडे बघत होते. दुसरा इलाजच नव्हता.

"माझंही जरा बघता का?" त्यांनी खिडकीला विचारलं.

"मी फक्त लहान मुलांना तपासते," डॉक्टरबाई म्हणाल्या. मग त्यांनी निम्मी दाढी पाहिली, टॉवेल पाहिला, हातातला नकाशा पाहिला. "हरकत नाही. बसा त्या सशाच्या स्टुलावर."

त्यांनी तपासलं, कागदावर पाचसहा ओळी लिहिल्या आणि कागद साहेबांना न देता टिल्लीच्या हातात दिला.

"तू लक्ष ठेव ग यांच्याकडे," त्या म्हणाल्या. "आणि हातात टेप देऊ नकोस."