खंडेनवमीस अंबरनाथचे यंत्र जागे केले, त्याची हकीकत

झेंडूचा हार, ओला. तांब्याची पळी. सहाशे मीटर कापड, साठ अंशांवर. बदलापूर गावात कुलूपबंद घरात वाजणारा फोन. दोन पेढे.

हे सर्व एकाच दिवसाचे. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, आश्विन शुद्ध नवमी, बुधवार, ते दिवशी मुलुखावर बाका प्रसंग गुदरला, तो जैसा घडला तैसा लिहिला आहे. पदरचे घातले ते थोडे.

मुलूख म्हणजे कापड रंगविणारी एक कंपनी, आणि तिचा खजिना म्हणजे रंगांचे नुस्खे, ज्यास रंगारी रेसिपी म्हणतात: कोणत्या छटेस रंग किती, मीठ किती, सोडा किती. पूर्वी हा खजिना पुठ्ठ्याच्या वहीत असे, आणि वही भिजे. मग संगणक खात्याच्या मुख्य सुनेत्राबाई यांनी मसलत करून तीन ठाणी वसविली: एक यंत्र उल्हासनगरी पाच नंबर कँपातील रंगशाळेत, दुसरे अंबरनाथी एमआयडीसीतील कारखान्यात, आणि तिसरे बदलापूर गावी आपल्याच घरात, सासरे विष्णुपंत यांच्या पुस्तकांच्या कपाटाशेजारी. तिन्ही ठायी एकच खजिना. आणि कायदा केला की, एकट्या ठाण्याने नुस्खा सांगू नये. दोघांनी नोंदी ताडाव्या, आणि ताजी ती प्रमाण मानावी. कारण गतसाली एका यंत्राने जुनी नोंद सांगितली आणि आकाशी कापड जांभळे जाहले. तेव्हा मालकांनी फर्माविले की, आणखी एक लॉट बिघडला तर तिन्ही यंत्रे भंगारात आणि वही पुन्हा टेबलावर. बाईंची तीन वर्षांची मेहनत त्या एका फर्मानावर लटकली होती.

तो नवमीस, निळा लॉट टाकीत फिरत असता, सोड्याचा आकडा मागितला, आणि उल्हासनगरचे यंत्र मौन धरून बसले. पडद्यावर मजकूर आला की, सोबती हजर नाहीत. चौकशी करता कळले की, अंबरनाथचे किल्लेदार शंकरराव यांनी खंडेनवमीची शस्त्रपूजा मांडून, लेथ, ड्रिल आणि त्यांच्या पंगतीस हेही यंत्र बंद करून, हळदकुंकू वाहिले आहे; आणि बदलापुरी विष्णुपंतांनी तेच करून, फोन घरीच ठेवून, देवदर्शनास कूच केले आहे. उल्हासनगरच्या रंगशाळेत पूजा दिवाळीस होते, म्हणून तेवढे एक ठाणे जागे.

रंगशाळेचे कारभारी धर्मेश घड्याळ पाहत उभे होते. "मॅडम, रूल तुमचाच ना? तोडून टाका. ह्याच्या पोटात रेसिपी आहेच की."

"आहे. पण काल संध्याकाळी इथली लाइट गेली होती, आणि तेवढ्यात अंबरनाथहून कोणी रेसिपी बदलली असेल, तर ह्याला पत्ता नाही."

"पाऊण तास आहे. नंतर शेड गेली. तोवर मी वही घेऊन येऊ का? दोनशे पानी बघू की चारशे?"

बाईंनी अंबरनाथी फोन लाविला, तो शंकररावांनी कळविले की, पूजेतील वस्तू दसऱ्याआधी उचलणार नाही. आणि फोन ठेविला. मग सुनेत्राबाई रिक्षारूढ जाहल्या, आणि खड्डे जिंकीत, आणि झेंडूच्या टेंपोंस बगल देत, आणि एका गल्लीतून उलट्या दिशेने मुसंडी मारून, बाविसाव्या मिनिटास कारखान्याच्या दारी दाखल जाहल्या.

शंकरराव नवा सदरा घालून पेढे वाटीत होते. "या ताई. घ्या, दोन घ्या."

"शंकरराव, ते यंत्र चालू करा."

"तीस वर्षं झाली, नवमीला मी साधा पाना उचलला नाही. तुमच्यासाठी बटण दाबू?"

बाईंनी गेटाकडे पाहिले. "वॉचमनला आज सुट्टी दिलीत?"

"त्याला कशी देणार?"

"आणि कॅमेरे?"

"ते राखणीचे. ते चालूच असतात."

"हेही राखणीचंच आहे. हे काही कापत नाही, घडवत नाही. दिलेलं सांभाळून ठेवतं, एवढंच."

शंकररावांनी हातचा पेढा ताटात परत ठेविला. "मग हे आधी सांगायचं. लेथच्या रांगेत कशाला नेऊन ठेवलंत त्याला?"

यंत्र तेथे बाईंनीच ठेविले होते.

बटणावर कुंकू होते. ते बोटाने पुसणे शंकररावांस रुचेना, म्हणून पळीच्या दांड्याने अलगद दाबिले. हार तसाच राहिला. दिवा लागला, आणि तीन मिनिटांनी दोन ठाण्यांची गाठ पडून नोंदी ताडिल्या गेल्या: उल्हासनगरची जुनी, सोडा नऊ किलो, अंबरनाथची कालची, सोडा सात किलो. सात प्रमाण जाहले, तेव्हा सहा मिनिटे उरली होती.

फोनवर धर्मेश आकडा ऐकून म्हणाले, "मी नऊ टाकणार होतो. मॅडम, वहीचं राहू दे."

येणेप्रमाणे नवमीस तिसऱ्या प्रहरी फत्ते जाहली. सहाशे मीटर कापड एकसारखे निळे निघाले. आणि ठराव जाहला की, यंत्राचे नाव पहारेकऱ्यांच्या हजेरीपटात घालावे, त्यास हार घालावा, बंद करू नये. तिन्ही ठाण्यांस कळविले. शंकररावांनी सही केली.

त्याच दिवशी सकाळी साडेआठ वाजता विष्णुपंतांनी सुनेस विचारले होते की, पूजेपुरते यंत्र बंद केले तर चालेल का, आणि डबा भरता भरता सुनेत्राबाई म्हणाल्या होत्या, "करा की बाबा, बाकीची दोन आहेतच."