गळतीला बूच

"गाडीला मेकॅनिक लागत नाही, समजून घेणारा मालक लागतो!"

प्रफुल्ल गमरेचं हे वाक्य चिंचपोकळीच्या मैत्री सोसायटीत आता लिफ्टलासुद्धा पाठ झालं होतं. सहा महिन्यांपूर्वी त्याने सेकंडहँड गाडी घेतली आणि विमा कंपनीतला हा पापभीरू हेडक्लार्क बघता बघता इंजिनाचा डॉक्टर झाला. शिक्षण कुठे? मोबाईलवर! जेवताना, दाढी करताना, एकदा तर चुलत सासरे वारले तेव्हा त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमातही तो कानात वायर खुपसून गाड्यांचे व्हिडिओ बघत होता.

त्यामुळे धाकट्या बहिणीचं, अक्षताचं लग्न ठरलं तेव्हा त्याने छाती ठोकून जाहीर केलं, "नवरी माझ्याच गाडीतून जाणार! भाड्याची गाडी आणून माझी इज्जत घालवू नका."

लग्न रविवारी साडेअकराला, दादरच्या हॉलवर. आणि शुक्रवारी सकाळी बघतो तर गाडीच्या नाकाखाली भाकरीएवढा ओला डाग!

"गळतेय!" प्रफुल्ल असा ओरडला की तिसऱ्या मजल्यावरचे हर्बर्ट अंकल तोंडाला दाढीचा फेस तसाच ठेवून खाली आले. हर्बर्ट परेरा म्हणजे परळच्या रेल्वे वर्कशॉपमधून रिटायर झालेला माणूस. रेल्वेच्या इंजिनाहून लहान कुठल्याही यंत्राला ते खेळणं समजत.

प्रफुल्लच्या बाबांनी, रामजींनी, वाकून डागात बोट बुडवलं. गिरणीत तीस वर्षं तेलपाण्यात घालवलेला हात तो. त्यांनी बोटं चोळली, वास घेतला आणि म्हणाले, "पाणी हाय."

"बाबा, गाडीत नुसतं पाणी नसतं!"

"मग नसंल. पण हे पाणीच हाय."

"अहो, त्या राकेशच्या गॅरेजला दाखवून या की," प्रफुल्लची बायको संघमित्रा म्हणाली.

"राकेशला? मागे हॉर्न दुरुस्तीला दिला तर पाच दिवस गाडी ठेवली त्याने! आणि परत आली तेव्हा हॉर्न वाजवला की वायपर फिरायचे! परवा लग्न आहे, संघमित्रा. हे मीच बघणार."

आणि त्याने बघायला सुरुवात केली. व्हिडिओत सगळं सोपं होतं. गाडीखाली पुठ्ठा अंथरायचा आणि सकाळी डागाचा रंग बघायचा. काळपट म्हणजे इंजिन ऑइल. लाल म्हणजे स्टीअरिंगचं तेल. हिरवा म्हणजे कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी. "आणि जर डागाला रंगच नसेल, तर..." असं व्हिडिओतला माणूस म्हणत होता, तेवढ्यात हॉलच्या मॅनेजरचा फोन आला. जेवणात भजी हवीत की कोथिंबीर वडी यावर वीस मिनिटं गेली, आणि तो व्हिडिओ राहिला तो राहिलाच.

शुक्रवारी संध्याकाळी घरात अक्षताच्या मेंदीचा धुमाकूळ सुरू झाला, तेव्हा हा खाली फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा गाडीखाली सरकवत होता.

शनिवारी सकाळी पुठ्ठ्याच्या कडेला डाग होते. हिरवे! एक नाही, चांगले सात-आठ!

"कूलंट!" त्याने पुठ्ठा डोक्यावर धरून अख्ख्या कंपाउंडला दाखवला, जणू निवडणूक जिंकलाय.

हर्बर्ट अंकलनी बॉनेट उघडून बघितलं. "अरे मॅन, कूलंटची टाकी तर फुल आहे!"

"फुल आहे म्हणूनच तर बाहेर येतंय, अंकल!"

अंकलनी वाकून टाकी पुन्हा बघितली. रेल्वेत असं कधी झालं नव्हतं. पण प्रफुल्ल इतक्या खात्रीने बोलत होता की त्यांना आपल्याच छत्तीस वर्षांच्या नोकरीबद्दल शंका यायला लागली.

लालबागहून हारांची ऑर्डर देऊन प्रफुल्ल परत आला, गाडी लावली आणि लगेच तिच्याखाली शिरला. म्हणजे निम्मा शिरला. पोटाशी मामला अडकला.

"दिसलं!" आतून आवाज आला. "एक रबरी नळी आहे. टपटप टपकतेय! अंकल, बूच द्या काहीतरी!"

अंकलच्या घरी बुचांना तोटा नव्हता. पर्पेच्युआ आंटी दर नाताळला घरी वाइन करत. अंकलनी एक जाडजूड बूच आणलं, सुरीने तासून बारीक केलं. प्रफुल्लने ते नळीत ठोकलं आणि वरून एमसीलचा लाडू थापला. मग संघमित्रा आणि वॉचमन जगदीश यांनी त्याचा एकेक पाय धरून त्याला बाहेर ओढलं.

इंजिन दहा मिनिटं चालू ठेवलं. एक थेंब नाही!

"बघितलंत?" काळं नाक पुसत प्रफुल्ल म्हणाला.

रामजी काहीतरी म्हणाले. पण टाळ्यांमध्ये ऐकू आलं नाही.

रविवारी सकाळी साडेदहाला वरात निघाली. पांढऱ्याशुभ्र साडीत, अंबाड्यावर मोगऱ्याचा गजरा माळून अक्षता पुढे बसली. मागे चेंगरून गजरा चुरगळेल म्हणून. मागे आई कमळाबाई, बाबा आणि संघमित्रा. मागोमाग स्कूटरवर काळ्या सुटातले हर्बर्ट अंकल आणि पर्पेच्युआ आंटी. मे महिन्याचं ऊन डांबर शिजवत होतं.

"दादा, एसी फुल कर. मेकअप वितळतोय," अक्षता म्हणाली.

"घे! सिमला करून टाकतो!"

लालबागपर्यंत सिमलाच होतं. परळला समोर एक टॅक्सी अचानक थांबली, प्रफुल्लने करकचून ब्रेक मारला आणि डॅशबोर्डच्या खालून भसाभस पाणी आलं. कळशी उपडी करावी तसं! थेट नवरीच्या पायांवर!

"आई गंऽऽ!"

"काय झालं?"

"पाणी! दादा, पाणी! बर्फासारखं गार!"

"बाटली सांडली असेल," मागून कमळाबाई म्हणाल्या.

"आई, विहीर सांडलीये!"

प्रफुल्लचा चेहरा पांढरा पडला. "ब्रेक ऑइल आहे ते! ब्रेक फुटला! सगळे खाली उतरा!"

"ब्रेक फुटला तर गाडी थांबली कशी?" संघमित्राने विचारलं. पण तोवर त्याने गाडी डावीकडे घेतली होती आणि सगळ्यांना फुटपाथवर उतरवलं होतं. अक्षता दोन्ही हातांनी साडी पोटरीपर्यंत धरून उभी. निऱ्या ओल्याचिंब. डोळ्यांतलं काजळ कधीही गालावर येईल अशा बेताला आलेलं.

"दादा, साडेअकराला भन्तेजी वंदना सुरू करतील. तिथे मी अशी उभी राहू?"

 ती चौथीत असताना प्रफुल्ल तिला शाळेत सोडायला निघाला आणि वाटेत सायकलवरून पाडलं होतं, तेव्हाही ती अशीच बघत होती.

ट्रॅफिक हवालदार शिट्टी वाजवत आला. "ओ, गाडी काढा इथून!"

"साहेब, ब्रेक ऑइल आत येतंय!"

हवालदाराने दारातून आत वाकून बघितलं. पाण्यात बोट बुडवलं. वास घेतला. "एसीचं पाणी आहे हे. एसीची नळी चोंदली असेल. उंदराने घाण केली का?"

"उंदराने नाही," रामजी म्हणाले.

तोवर हर्बर्ट अंकल पोचले होते. एसीची नळी हे शब्द ऐकले आणि त्यांनी कपाळावर हात मारला. "ओ जीजस! ते एसीचं पाणी होतं, मॅन! ते गळायलाच पाहिजे! आपण बूच मारलं!"

"पण डाग हिरवा होता!" प्रफुल्ल जवळजवळ किंचाळला. "मी पुराव्यानिशी..."

"हिरवा?" कमळाबाईंनी पदर तोंडाला लावला. "अरे प्रफुल, शुक्रवारी मेंदीचे हात धुतलेलं पाणी मीच खिडकीतनं खाली ओतलं होतं की!"

  नव्या पांढऱ्या कुर्त्यातच प्रफुल्ल रस्त्यावर आडवा झाला, हवालदाराने टॅक्सीवाल्याकडून मिळवून दिलेली पक्कड घेतली आणि गाडीखाली हात घातला. एमसील मात्र इमानदार निघालं. तीन वेळा पक्कड सटकली. चौथ्यांदा "टप्!" असा आवाज आला, आणि उरलेली अर्धी बादली त्याच्या तोंडावर.

"निघालं का?" संघमित्राने विचारलं.

गाडीखालून नुसत्या गुळण्या ऐकू आल्या.

अकरा वाजून पाच मिनिटं झाली होती. गाडीत घोट्याएवढं पाणी, साडी ओली. शेवटी पर्पेच्युआ आंटीनेच निकाल लावला. "हर्बर्ट, मुलीला स्कूटरवर घे. असल्या उन्हात वाऱ्याने साडी दादरपर्यंत सुकते. मी गाडीत बसते, पाय वर घेऊन."

"हेल्मेट!" हवालदार म्हणाला. "नवरी असली तरी हेल्मेट पायजे."

आंटीचं लाल हेल्मेट अक्षताच्या अंबाड्यावर बसेना. गजरा सोडून तिच्या मनगटाला बांधला, अंबाडा उलगडून वेणी केली, पदर आणि निऱ्या कमरेत घट्ट खोचल्या, आणि नवरी निघाली. हवालदाराने स्वतः सिग्नल अडवून स्कूटरला वाट दिली.

प्रफुल्ल टॉवेलने गाडीतलं पाणी उपसत राहिला. डोळ्यांसमोर एकच चित्र होतं. नवऱ्याकडची माणसं तोंडात बोटं घालून उभी आहेत, आणि अक्षता खाली मान घालून रडतेय.

हॉलच्या दारात तो पोचला तेव्हा आतून वंदनेचे सूर येत होते. धावत निघाला तर दारावरच्या माणसाने आडवा हात घातला. "केटरिंगवाले मागच्या दाराने."

"मी नवरीचा भाऊ!"

माणसाने त्याच्या कुर्त्यावरचं ग्रीस आणि तोंडावरचा चिखल बघितला. "हो, आणि मी नवरदेव. मागच्या दाराने!"

शेवटी मागे राहिलेल्या संघमित्राने येऊन ओळख पटवली. आत बघतो तर वंदना आटोपलेली आणि अक्षता नवरदेव गौतमशेजारी हसत उभी! साडी सुकलेली, गजरा मनगटावरच. नवऱ्याकडची सगळी पोरं मोबाईलवर काढलेला फोटो एकमेकांना दाखवत होती. काळ्या सुटातल्या म्हाताऱ्यामागे लाल हेल्मेट घातलेली पांढऱ्या साडीतली नवरी. "काय एंट्री मारली वहिनीने! कुणी काढली ही आयडिया?"

"माझ्या दादाने," अक्षता म्हणाली, आणि प्रफुल्लकडे अशा नजरेने बघितलं की त्याला कळेना, ही माफी आहे की कर्ज.

जेवणाची पंगत बसली. उसन्या शर्टात प्रफुल्ल एका कोपऱ्यात पुरी मोडत होता. गौतमचे मामा बुधाजी शेजारी येऊन बसले.

"पाव्हणं, तुम्ही गाडीतले जाणकार म्हणे! आमच्या गाडीखाली सकाळपासून टपटप गळतंय. जरा बघता का?"

संघमित्राचा घास हातातच राहिला. प्रफुल्लने मात्र मान ताठ केली. आता तो शिकलेला माणूस होता.

"रंग आहे का त्याला?"

"न्हाई. पाण्यावानी."

"मग गळू द्या!" तो मोठ्या रुबाबात म्हणाला. "हात लावू नका. एसीचं पाणी आहे ते!"

बुधाजी मामांनी डोकं खाजवलं.

"एसीचं? पण आमचा भाजीचा टेम्पो हाय, पाव्हणं. त्यात साधा पंखा पण न्हाई!"